मदत हवी आहे: क्रॉप केल्यावर फुलपाखराच्या पंखांचा पोत टिकत नाही

प्रश्न (रावेर तालुका)

सर्वांना नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेच्या व्हरांड्यातील भिंतीवर आमच्या परिसरातील फुलपाखरांची छायाचित्रे ए-थ्री आकारात लावायची आहेत. महाराष्ट्राने 2015 साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, हे आमच्या मुलांना ठाऊक आहे. परंतु बांधावरच्या रुईवर अंडी घालणारे प्लेन टायगर, लिंबोणीवर येणारे लाइम आणि गवताच्या पात्यांमधून जमिनीलगत उडणारे इवलेसे ग्रास ज्वेल यांनाही त्यांनी नावाने ओळखावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्याकडे 24 मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराचा) सेन्सर असलेला कॅमेरा आणि 70-300 मिमीची झूम लेन्स आहे. ही लेन्स दीड मीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर फोकस करत नाही. बहुतेक छायाचित्रांत फुलपाखरू चौकटीच्या मधोमध लहानसे येते. संगणकाच्या पडद्यावर संपूर्ण छायाचित्र नीटस दिसते. मात्र फुलपाखरापुरते क्रॉप केले की पंखांवरील खवल्यांचा पोत नाहीसा होतो, सावलीच्या भागात रंगीत दाणे दिसू लागतात आणि शार्पनिंग वाढवले तर पंखांच्या कडेने पांढरी रेघ उमटते. प्लेन टायगरचा नारिंगी रंग तर रंगाचा सपाट थर दिल्यासारखा दिसतो.

छपाईसाठी जास्तीत जास्त किती क्रॉप करावे, संपादनातील क्रम कोणता ठेवावा आणि छायाचित्र मोठे करण्यासाठी सध्या उपलब्ध असलेली एआय साधने वापरावीत का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. नवी मॅक्रो लेन्स घेणे सध्या शक्य नाही.

प्रतिसाद (धुळे)

ताई, आपला उपक्रम फार मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी क्रॉपची मर्यादा पाहू. आपल्या कॅमेऱ्याचे छायाचित्र 6000 × 4000 पिक्सेलचे असते. ए-थ्री कागद 420 × 297 मिमी, म्हणजे सुमारे 16.5 × 11.7 इंच असतो. हातात धरून पाहायच्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात असे मानले, तर क्रॉप करायला फारशी जागाच उरत नाही. व्हरांड्यातील चित्र मात्र मुले साधारण मीटरभर अंतरावरून पाहतील आणि तेवढ्या अंतरावर इंचाला 150 पिक्सेल डोळ्यांना पुरेसे असतात. त्या हिशेबाने 2480 × 1754 पिक्सेल लागतात. म्हणजे मूळ चौकटीचा जेमतेम पाचवा भाग ठेवूनही ए-थ्री छपाई करता येईल. यापेक्षा अधिक क्रॉप करावे लागत असेल, तर तेच छायाचित्र ए-फोर आकारात छापावे. लहान पण स्वच्छ चित्राकडे मुले जवळ जाऊन पाहतील.

पिक्सेल पुरेसे असूनही पोत का हरवतो, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. क्रॉप केल्याने फुलपाखराबरोबर हाताचा कंपही मोठा होतो, फोकसमधील थोडीशी चूकही मोठी होते आणि जास्त आयएसओमुळे (सेन्सरची प्रकाशसंवेदनक्षमता वाढवल्याने) आलेले दाणेही मोठे होतात. 300 मिमीवर एपीएस-सी कॅमेरा हातात धरला असता 1/500 सेकंद शटर चालते, असा सर्वसाधारण संकेत आहे. आपण रुंदीत जवळपास अडीचपट क्रॉप करणार असाल, तर तो संकेत अपुरा पडतो. 1/1000 किंवा त्याहून जलद शटर ठेवावे आणि त्यासाठी आयएसओ 800 किंवा 1600 पर्यंत गेला तरी चालेल. दाणे बऱ्याच अंशी कमी करता येतात, हललेले छायाचित्र दुरुस्त होत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश येण्याचे छिद्र) एफ/8 ते एफ/11 या दरम्यान ठेवावे. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराच्या पंखांची पातळी आणि कॅमेऱ्याची मागची बाजू एकमेकांना समांतर राहतील अशा रीतीने उभे राहावे. असे केल्याने डोळ्यापासून पंखाच्या टोकापर्यंत सारे एकाच फोकसमध्ये येते. माझ्या मते निम्म्याहून अधिक छायाचित्रे एवढ्यानेच सुधारतात.

ग्रास ज्वेलची गोष्ट वेगळी आहे. आपल्या लेन्सचे सर्वाधिक वर्धन 1:4 च्या आसपास असेल, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या पाव आकाराची. पंख मिटलेले ग्रास ज्वेल सुमारे 10 मिमीचे असते. त्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा केवळ अडीच मिमी भरते, म्हणजे 640 पिक्सेलच्या आत. एवढ्यावर कोणतेही संपादन पुरे पडणार नाही. यावर स्वस्त उपाय आहे. लेन्सच्या पुढे फिल्टरसारखी फिरवून बसवायची +2 डायॉप्टर शक्तीची क्लोज-अप लेन्स घ्यावी. दोन भिंगे जोडून केलेली, अक्रोमॅट प्रकारची मिळाल्यास उत्तम, कारण तिच्यामुळे कडांना जांभळी-हिरवी झाक येत नाही. 300 मिमीवर फोकस अनंतावर ठेवला असता अर्ध्या मीटरवरच्या वस्तूचे 0.6 पट वर्धन मिळते आणि तेच ग्रास ज्वेल 1500 पिक्सेलपेक्षा मोठे येते. इतक्या जवळून मात्र फोकसची खोली फार थोडी उरते, म्हणून एफ/11 सोडू नये.

फुलपाखरू जवळ जाऊ देत नाही, हेसुद्धा क्रॉप वाढण्याचे एक कारण आहेच. सकाळी ऊन कोवळे असताना ती पंख पसरून अंग तापवत बसतात आणि तेव्हा त्यांच्या हालचाली मंद असतात. पावसाळा सरल्यावर पालजवळ सुकी नदीच्या ओल्या काठावर नर क्षार शोषण्यासाठी चिखलपान करत असतील, तर गुडघ्यावर बसून हळूहळू सरकत जाता येते. टायगर फुलपाखरांचे नर खुळखुळ्याच्या वाळलेल्या झुडपांवर रसायने शोषताना असेच गुंग झालेले असतात. आपल्या भागात केळीच्या बागेबाहेर टाकलेल्या, कुजू लागलेल्या घडांवर इव्हनिंग ब्राउन येते, तिकडेही लक्ष ठेवावे. बागेच्या सावलीत केळीच्या पानांतून गाळून येणाऱ्या उजेडाने सगळ्यावर हिरवट छटा चढते. ती काढण्यासाठी व्हाइट बॅलन्स तिथेच ठेवलेल्या पांढऱ्या कागदावरून ठरवावा. फुलपाखरू पकडून किंवा थंड करून बसवण्याचे प्रकार काही जण करतात. ते कदापि करू नयेत आणि मुलांनाही तसे बजावावे.

आता संपादन. छायाचित्र रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, तर 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. प्लेन टायगरच्या नारिंगीतील बारीक फरक याच पायऱ्यांत असतात. तो रंग सपाट होण्याचे मुख्य कारण असे की नारिंगीत लाल चॅनल (लाल रंगाची नोंद) इतर दोन चॅनलांच्या आधी भरून वाहतो, आणि एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहिला तर ते कळत नाही. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम सुरू करावा आणि लाल आलेख उजव्या कडेला टेकत असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी करावे. कॉमन एमिग्रंटसारख्या फिकट फुलपाखरांनाही हाच नियम लागू पडतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन्ही प्रणाली विनामूल्य आहेत. प्रथम एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, मग हलके नॉइज रिडक्शन (दाणे कमी करणे), त्यानंतर क्रॉप, मग छपाईच्या आकारात रूपांतर आणि शार्पनिंग सर्वांत शेवटी. शार्पनिंगची त्रिज्या लहान ठेवून मास्कने ते पंख, डोळे आणि मिशा एवढ्यापुरतेच मर्यादित करावे. पांढरी रेघ मोठ्या त्रिज्येमुळे येते. मागच्या धूसर हिरवाईवर नॉइज रिडक्शन मोकळ्या हाताने वापरले तरी चालते, पंखांवर मात्र ते जपून वापरावे, कारण खवल्यांचा पोत आणि दाणे यांतला फरक संगणकाला नेहमी कळतोच असे नाही.

प्रतिसाद (शहादा)

वरील विवेचनाशी पूर्ण सहमत आहे. एआयच्या प्रश्नावर थोडे लिहिते. ही साधने हरवलेला तपशील परत आणत नाहीत, त्या जागी शोभेल असा तपशील रचतात. देखाव्याच्या चित्राला ते चालेल; ओळख पटवण्यासाठी लावलेल्या चित्राला चालणार नाही. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, कारण प्लेन टायगरची चव पक्ष्यांना नकोशी असते आणि ही मादी त्याच्या रूपाची नक्कल करते. दोघांतला फरक अगदी थोड्या खुणांवर ठरतो. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागाभोवती काळे ठिपके असतात, नराला चार आणि मादीला तीन. शिवाय त्याच्या काळ्या छातीवर पांढरे ठिपके असतात. एआयने त्यांतला एखादा ठिपका पुसला किंवा वाढवला, तर मुले चुकीचे फुलपाखरू शिकतील.

याच कारणाने क्रॉप करताना मागचा पंख कापू नये आणि कॉन्ट्रास्ट वाढवताना छातीचा काळा भाग बुजवू नये.

प्रश्नकर्त्या (रावेर तालुका)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दादा, क्लोज-अप लेन्सविषयीची माहिती मला पूर्णपणे नवीन आहे. ताई, माझ्या संग्रहातील ज्या छायाचित्राखाली मी प्लेन टायगर असे लिहिले आहे, त्याचा मागचा पंख आता पुन्हा तपासते. एक शंका उरली आहे. पडद्यावर उजळ दिसणारे छायाचित्र छापून आले की काळवंडते. त्यासाठी काय करावे?

प्रतिसाद (धुळे)

पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद पडलेला प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे भडक उजेडाच्या पडद्यावर संपादन केले की छपाई काळोखी वाटते. पडद्याची ब्राइटनेस निम्म्यावर आणून संपादन करावे, फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्यावी आणि पूर्ण ए-थ्री छापण्याआधी त्याच कागदावर पोस्टकार्डाएवढा नमुना काढून घ्यावा. तो नमुना दिवसा व्हरांड्यात, जिथे चित्र लावायचे आहे त्याच भिंतीवर धरून पाहावा आणि मगच एक्स्पोजर किती वाढवायचे ते ठरवावे.