गाय व्याली, पण जार (वासराभोवतीची वार) पडेना: हाताने काढायचा की थांबायचं?

आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, तिसरं वेत, काल रात्री दहाला व्याली. कालवड झाली, जरा ओढावी लागली. तासाभरात कालवडीला चीक पाजला, ती ठणठणीत आहे. आता दुपारचे दोन वाजलेत, सोळा तास झाले, जार अजून अर्धा लोंबतोय.

गाय उभी आहे, कडबा खाते, पण नेहमीपेक्षा कमी. ताप 102.4 फॅरनहाइट. वास अजून फारसा नाही. काल कॅल्शियमचं औषध पाजलं, सकाळी गुळाचं पाणी आणि बाजरीची घुगरी दिली. शेजारचे आबा म्हणतात, जाराला जुनी चप्पल बांध, वजनाने येईल. ते केलं नाही, ओढलंही नाही. तुटून आत राहिला तर? लोंबता भाग शेणात लोळू नये म्हणून वर गाठ मारून ठेवलाय, एवढंच.

डॉक्टर उद्या सकाळीच येऊ शकतात. चार दिवसांनी दूध डेअरीला घालायचंय, म्हणून इंजेक्शनचं औषध दुधात उतरेल याचीही धास्ती आहे.

ज्यांच्या गोठ्यात असं झालंय त्यांनी सांगा: उद्यापर्यंत थांबणं ठीक आहे का, आणि कोणतं लक्षण दिसलं तर आज रात्रीच दुसरा डॉक्टर गाठायचा?