अनुभव धागा: जमिनीखाली वाट चुकलात, मग काय केलंत?

डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) किंवा तसलाच एकेक पात्र घेऊन खेळायचा फाशांचा खेळ खेळणाऱ्यांनी इथे लिहावं. ड्रॅगन कसा मारला ते नको, ते सगळेच रंगवून सांगतात. भुयारात दिशा, उजेड, अन्नपाणी यांचं काय केलंत ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. पाचवी आवृत्ती, अंडरडार्कची, म्हणजे जमिनीखालच्या जगातली मोहीम. पाचांपैकी चौघांना डार्कव्हिजन (काळोखात दिसण्याची शक्ती), म्हणून मशाली घेतल्याच नाहीत. पण डार्कव्हिजनला मिट्ट काळोख अंधुक उजेडासारखाच दिसतो, तोही करड्या रंगात, आणि अंधुक उजेडात नजरेच्या परसेप्शनला (काही हेरायच्या फाशाला) डिसअॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी पडेल तो धरायचा. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, हे सांगितलं तेव्हा आमच्या रोगचा (चोरट्या पात्राचा) पाय सापळ्याच्या तारेवर पडून झाला होता.

*

उजव्या भिंतीला हात लावून चालत राहिलं की माणूस बाहेर पडतोच, असं मी छातीठोकपणे सांगितलं. नकाशाही माझ्याकडेच, आलेखाच्या कागदावर, एक चौकोन म्हणजे 10 फूट. थोड्या वेळाने एक मेलेला गोब्लिन लागला. पुढे अजून एक. तिसऱ्या वेळी आमचा क्लेरिक (पुजारी) म्हणाला, "अगं, हा ओळखीचा वाटतोय." आम्ही एका अवाढव्य खांबाला प्रदक्षिणा घालत होतो. ही युक्ती दारापासून हात न उचलता आलात तर चालते. आम्ही छतातून पडलो होतो, आमची भिंत बाहेरच्या भिंतीला जोडलेलीच नव्हती. आणि हलकी वळणं मोजायचा मी कंटाळा केल्यामुळे कागदावर छान सरळ बोगदा चालला होता!

*

आम्ही अजून 1981 च्या बेसिक नियमांनी खेळतो. टर्न 10 मिनिटांचा, मशाल टिकते 6 टर्न, त्यातला एक विश्रांतीत जातो. म्हणजे एका मशालीत चालणं 50 मिनिटांचं. टर्न संपला की वहीच्या कोपऱ्यात एक रेघ. निम्म्या मशाली संपल्या की मागे फिरायचं, हा आमचा घरचा नियम. एकदा "एवढं एक दालन बघू" म्हणून मोडला. परतताना जिना दोन टर्नांवर असताना शेवटची मशाल विझली. डीएमने नकाशा पालथा ठेवायला लावला, मग मी पाठ म्हणायला लागलो: डावीकडे, 30 फूट, उजवीकडे, 60 फूट... पुढे चालणारा चोर खड्ड्यात गेला. खड्डा नकाशात होता, माझ्या पाठांतरात नव्हता.

*

आमच्याकडे ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आहे. गुडबेरीचा मंत्र म्हटला की 10 बोरं, एका बोरावर एका माणसाचा दिवस निघतो. त्यात रेंजरचा (रानावनातल्या वाटाड्याचा) आवडता प्रदेश अंडरडार्क, म्हणजे 2014 च्या नियमांप्रमाणे जादूशिवाय वाट चुकणं नाहीच. सहा महिने खेळून माझ्याकडे इथे लिहायला काही नाही, हाच अनुभव.

*

सह्याद्रीत ट्रेकला जुनी मंडळी सांगतात, मधूनमधून मागे वळून बघ, परतीची वाट वेगळी दिसते. गुहांत उतरणारेही तेच करतात. म्हणून प्रत्येक फाट्यावर मी डीएमला सांगायचो, "मी मागे वळून बघतो." आधी तो हसला, मग मागून काय दिसतं ते सांगायला लागला. परतताना तीन तोंडांचा फाटा आला. सर्व्हायव्हलचा (वाट शोधायच्या कौशल्याचा) फासा पडला 4, म्हणजे फसलोच. पण माझ्या वहीत होतं, "मधल्या तोंडाशी बसलेल्या म्हशीसारखा दगड." डीएमने फासा सोडून दिला.

*

वरचं मला पटलं नाही. मी स्वतः पुण्याच्या पेठांत हरवते. माझ्या कॅरेक्टरला सर्व्हायव्हल +9 आहे (फाशात 9 मिळवायचे), तिचं सगळं आयुष्य भुयारांत गेलंय. दगड मला आठवला नाही म्हणून तिने का चुकायचं? तलवार चालवता येते का, असं फायटरच्या खेळाडूला कुणी विचारत नाही.

*

+9 वालीशी सहमत, तरी एक सांगतो. जुन्या आवृत्तीत ड्वॉर्फला (डोंगराखाली राहणाऱ्या बुटक्याला) बोगद्याचा उतार कळायचा. आमच्यात ड्वॉर्फ नव्हता, आणि डीएमला आमच्या टोळीला नकळत खालच्या मजल्यावर न्यायची भारी हौस. मग मी सामानात गोट्या लिहिल्या. दर बोगद्यात एक जमिनीवर ठेवायची आणि बघायचं. चौथ्या बोगद्यात गोटी निघाली ती घरंगळत अंधारात गेली. आम्ही आवाज ऐकत उभे. टक, टक, टक, आणि मग कुणीतरी ती उचलली.