ढाबळीवर ससाणा येतोय, पिंजरा लावू का?

पंचवटी_होमर
गच्चीवर होमरची (लांबून सोडलं तरी घरी परतणारी शर्यतीची कबुतरं) ढाबळ आहे. डिसेंबर लागल्यापासून सकाळी कबुतरं उडवली की एक शिकारी पक्षी थव्यात घुसतो. रेस तोंडावर. पिंजऱ्यात धरून लांब सोडला तर?

कडेकपारी
अजिबात नको. वन्यजीव कायद्यात (१९७२) नुसतं धरणंही शिकारच. बहिरी ससाणा अनुसूची १ मध्ये आहे: ३ ते ७ वर्षं कैद, दंड किमान २५,०००. आणि एक हलवला तरी मोकळ्या जागी दुसरा येतो.

आधी तो कोण ते बघा. शिक्रा झाडाआडून, खालून येतो, पंख आखूड-गोल. मोठा होमर त्याला सहसा पेलत नाही, नवी पिल्लं उचलतो. बहिरी उंचावरून झेपावतो. पंख टोकदार, डोळ्याखाली काळी मिशी. पाहुणा बहिरी मार्च-एप्रिलपर्यंत निघून जातो. शाहीन (बहिरीचीच इथली उपजात) मात्र सह्याद्रीच्या कड्यांवरचा कायमचा रहिवासी.

टॉसवाला_सिडको
रोज ठरल्या वेळी सोडलं की त्यालाही वेळ पाठ होते. लागोपाठ दोन हल्ले झाले तर आठ-दहा दिवस उडवणं बंद. तेवढे दिवस मका-वाटाणा कमी, जव जास्त, नाहीतर चरबी धरतात. मग करंडीतून सिन्नरच्या बाजूला मोकळ्या माळावर नेऊन टॉस द्या (लांबून सोडून घरी परतायचा सराव), रामशेज किंवा पांडवलेण्यांच्या डोंगराकडे नको. उपाशीपोटी सोडा, म्हणजे परत आल्यावर छपरावर न बसता थेट ट्रॅपमध्ये (ढाबळीत शिरायच्या दारात) शिरतात.

जाळी अर्धा इंची वेल्डमेश घ्या. एक इंचीतून शिक्रा पंजा घालतो. नायलॉनचं जाळं ताणू नका, त्यात तोच अडकेल. घाबरवायला चकाकत्या सीडी टांगणं चार दिवसांचा खेळ.

पीसपारखी
हरवलेलं प्रत्येक कबूतर ससाण्याच्या नावावर मांडू नका राव. संक्रांतीच्या आसपास निम्मा घोळ मांज्याचा असतो. पंखाच्या पुढच्या कडेला सरळ, स्वच्छ चीर असेल तर मांजा. पाठीवर नखांच्या जखमा, शेपटीची पिसं गायब, तर शिकारी. मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत येतं. अर्धं तुटलेलं मात्र पीसगळीपर्यंत तसंच राहतं, त्या पक्ष्याला लांबच्या रेसला घालू नका. पाणी प्यायल्यावर छाती ओली दिसली तर गळ्याची पिशवी फाटलीय. टाके डॉक्टरकडूनच.

पंचवटी_होमर
मिशी दिसली, बहिरीच आहे. उद्यापासून बंद. जव किती घालू?

टॉसवाला_सिडको
एकूण दाण्याच्या निम्मा. रेसच्या चार-पाच दिवस आधी पुन्हा मका वाढवा.