शब्दचर्चा: ‘बेपत्ता’, ‘अपहृत’ आणि ‘नाट्यरूपांतर’

प्रश्न:
मी गोरेगावात मालिकांचे संवाद लिहिते. मुंबईतल्या एका हरवलेल्या मुलावर भाग लिहायचा आहे. मूल अजून सापडलेलं नाही. सुरुवातीला ‘सत्य घटनेचे नाट्यरूपांतर’ अशी पाटी जाईल. शब्द बरोबर आहे ना? आणि मुलाला ‘बेपत्ता’ म्हणू की ‘अपहृत’?

प्रतिसाद:
ताई, ‘बेपत्ता’ म्हणा. त्यातला ‘बे’ फारसी, बेफिकीर-बेजबाबदारमधला. ठावठिकाणा कळत नाही, एवढंच तो शब्द सांगतो. (‘फरार’ आरोपी होतो, मूल नाही. हल्ली बातम्यांत हेही सांगावं लागतं.)

‘अपहृत’ जपून वापरा. अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की पोलीस अपहरणाचाच गुन्हा नोंदवतात. सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा तसा आदेश आहे. पूर्वी पोलीस ठाण्यात त्याला दंड संहितेतल्या कलमावरून नुसतं ‘३६३’ म्हणत, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ लागतं. म्हणजे कागदावर ‘अपहरण’ आहे म्हणून कुणी पळवलंच, असं ठरत नाही. तुम्ही त्या एका शब्दावरून पडद्यावर टोळी उभी केलीत, तर ती लोकांच्या डोक्यात राहते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ‘पोरं पळवणारे’ समजून जमावानं मारून टाकलं.

पण मला खरं बोलायचंय ते ‘हरवणे’बद्दल. ‘मूल हरवलं’ या वाक्यात हरवणारा कुणी नाही. ‘आईनं मूल हरवलं’ हेही व्याकरणात बसतं, पण ते वेगळं वाक्य आहे. पडद्यावर पहिलं वाक्य दाखवणं फार अवघड. कॅमेरा कुणाकडे तरी वळतोच. आई फोनवर बोलतेय, दादरच्या पुलावर गर्दीत हात सुटतोय. तो हात तुम्ही सोडवलात, ताई. तिच्या चाळीतल्या बायका मात्र दुसऱ्या दिवशी तो खरा धरून बोलतील.

काळाचंही तेच. पोलिसांची शोधपत्रिका वाचा: ‘रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, अंगात निळा हाफ शर्ट, पायात स्लिपर, मराठी व हिंदी बोलतो.’ बोलतो! कोरडा सरकारी मजकूर, पण मुलाला वर्तमानात ठेवतो. मालिकेतला निवेदक मात्र म्हणतो, ‘तो फार गुणी होता.’ घरी जी बाई रोज दार उघडं ठेवून बसते, तिनं हे ‘होता’ कसं ऐकायचं?

आणि ‘नाट्यरूपांतर’ कादंबरीचं होतं. त्याला लेखकाची परवानगी लागते. इथे कुणाची घेतलीत?

प्रतिसाद:
एवढं टोकाला जायला नको. अमेरिकेत १९८३ साली एका अपहृत मुलाच्या खऱ्या प्रकरणावर दूरचित्रपट झाला. शेवटी इतर बेपत्ता मुलांचे फोटो दाखवले आणि त्यातली काही मुलं सापडली. आपल्या मुंबई दूरदर्शनवरही ‘आपण यांना पाहिलंत का?’ असायचंच की.

प्रतिसाद:
होय, आणि त्याचं नावच प्रश्न होतं. फोटो, उंची, कपडे, संपर्काचा पत्ता. आम्ही मुलं जेवताना त्या चेहऱ्यांकडे टक लावून बघायचो, उद्या स्टेशनवर दिसले तर ओळखू म्हणून. नाट्यात मुलाच्या जागी बालकलाकार असतो. त्याचा चेहरा लक्षात ठेवून कुणाला कोण सापडणार? भागाच्या शेवटी पालकांच्या संमतीनं खरा फोटो आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक दाखवणार असाल, तर मी तुमच्या बाजूनं.

प्रश्नकर्ती:
संमती घेतलेली नाही. ‘नाव बदला, बास’ असं सांगितलं होतं. पण ओळख पटेल असा कुठलाही तपशील द्यायला बालन्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं, आणि आम्ही शाळा, गल्ली, बाबांची नोकरी सगळं तसंच ठेवलंय. आत्ता भागाची संहिता काढून बसले. बारा ठिकाणी ‘होता’ आहे. पुलावरचा प्रसंगही आहे, हुबेहूब. तो काढते. उद्या निर्मात्यांना सांगणार आहे की आई-बाबांना भेटल्याशिवाय पुढचं पान लिहिणार नाही. ते हो म्हणालेच, तर पाटीवर ‘कल्पित प्रसंग’ चालेल?

प्रतिसाद:
चालेल. फक्त सुरुवातीला एकदाच नको. जो प्रसंग तुम्ही रचलाय, त्या प्रत्येकाखाली लिहा.