दुकानदाराचा हक्क आणि काउंटरमागचा माणूस

एकांनी विचारलंय की बंदूक बाळगणं हा अमेरिकेत घटनात्मक हक्क असेल, तर दुकानदार बंदूक घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला अडवतो कसा? तो हक्क सरकारविरुद्ध आहे, दुकानाच्या मालकाविरुद्ध नाही. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून हॉटेलात किंवा खानावळीत प्रवेश नाकारता येत नाही. कमरेची बंदूक त्या यादीत नाही.

टेक्सासात तर दुकानदारावरच पाटी लावायची जबाबदारी आहे. १ जानेवारी २०१६पासून तिथे परवानाधारकांना पिस्तूल उघड लावून फिरायची मुभा मिळाली. अशी उघड पिस्तुलं दुकानात नको असतील तर तिथल्या दंडसंहितेच्या ३०.०७ कलमाची पाटी लावायची: ठरलेला मजकूर, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच. लपवलेल्या पिस्तुलासाठी ३०.०६ची पाटी वेगळी!

मला मात्र काळजी वाटते ती काउंटरमागच्या माणसाची. स्टारबक्स या कॉफी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी २०१३मध्ये गिऱ्हाइकांना बंदुका आणू नका अशी फक्त विनंती केली, बंदी घातली नाही. कारण बंदी घातली की सशस्त्र गिऱ्हाइकाला हटकायचं काम कॉफी देणाऱ्या पोरापोरींवर येतं. हे कारण मला पूर्ण पटतं. टेक्सासातल्या एल पासोमध्ये वॉलमार्टच्या दुकानात ऑगस्ट २०१९मध्ये गोळीबारात हत्याकांड झालं, त्यानंतर वॉलमार्टनेही महिन्याभरात उघड बंदुका आणू नका अशी विनंतीच केली.

कमरेला पिस्तूल दिसणारा माणूस सज्जन आहे की गोळीबार करायला आलाय, हे गल्ल्यावरच्या मुलीने कशावरून ओळखायचं? हक्काची बाजू मांडणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.