‘इम्पीडन्स मॅचिंग’ला मराठीत काय म्हणावं?

बाबांसाठी एक कागद लिहायला घेतला आणि एका शब्दावर अडकले. त्यांच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर, लाल-काळ्या टर्मिनलांच्या वर, ‘६ ते १६ ओम’ असं छापलंय. स्पीकर जुनेच, त्यांच्यावर ‘८ ओम’. मी लिहिलं, ‘अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचा इम्पीडन्स जुळला पाहिजे.’ बाबांनी कागद वाचला, मल्टिमीटर काढला, स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि मीटरच्या पिना टोकांना धरल्या. आकडा आला ६.२. म्हणाले, “आठ लिहिलंय आणि सहा दाखवतंय. जुळत नाही. परत कर.”

अ‍ॅम्प्लिफायर ठीक होता, स्पीकरही ठीक. चूक माझ्या ‘जुळला’ या शब्दात होती. म्हणून दोन प्रश्न : इम्पीडन्सला, म्हणजे ओममध्ये मोजतात त्या विजेच्या अडसराला, चांगला मराठी शब्द कोणता, आणि इथल्या मॅचिंगला ‘जुळणं’ म्हणावं का?

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात रेझिस्टन्सला ‘रोध’ आहे. त्यालाच ‘सं’ लावून इम्पीडन्ससाठी ‘संरोध’ हा शब्द परिभाषेत वापरतात. मला तो आवडतो. रोध हा तारेचा स्वतःचा अडसर. संरोधात तो असतोच, शिवाय दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाला वेटोळं आणि कपॅसिटर जो विरोध करतात तोही येतो. सगळे मिळून केलेला रोध तो संरोध. हिंदीतला ‘प्रतिबाधा’ आपल्याकडे आणू नये, मराठी कानाला तो भूतबाधेच्या जवळ जातो.

तुमच्या वडिलांचं मीटरही खोटं बोलत नाही. मीटर सोडतं एकाच दिशेचा प्रवाह, म्हणून ते फक्त तारेचा रोध मोजतं. ८ ओमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण ६ च्या आसपासच दिसते. स्पीकरवर छापलेला ८ हा नाममात्र आकडा असतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या मानकानुसार, स्पीकरसाठी ठरवलेल्या वारंवारतांच्या पट्ट्यात संरोध छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ च्या स्पीकरला ६.४ च्या खाली. वर मात्र तो कितीही चढू शकतो. खर्जात, जिथे पडदा आपसूक डोलायला लागतो, तिथे तोच स्पीकर २५-३० ओमचा होतो.

प्रतिसाद

इम्पीडन्स हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज तंत्रज्ञाने १८८६ मध्ये रूढ केला. त्यामागे लॅटिन ‘इम्पेदिरे’ आहे, म्हणजे पाय अडकवणे. त्यातला ‘पेद’ आणि आपला ‘पाद’ एकाच मुळातले. मराठीत याला हुबेहूब शब्द आहे, खोडा! कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड म्हणजे खोडा, आणि त्यावरूनच आपण ‘कामात खोडा घातला’ म्हणतो. परिभाषेत ‘खोडा’ चालणार नाही हे मला कळतं, पण मुलांना शिकवताना मी हाच शब्द आधी सांगते आणि ‘संरोध’ नंतर. एकदा पाय अडकलेला डोळ्यांसमोर आला की मुलं विसरत नाहीत.

प्रतिसाद

ताई, तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ‘जुळवणे’ म्हटलं की आपल्याला बरोबरी ऐकू येते. तंबोरे जुळवले म्हणजे सूर एक झाले. आता खरंच बरोबरी केली तर काय होईल ते बघा. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट संरोध ८ आणि स्पीकरचा ८ असता, तर निम्मी शक्ती अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच उष्णता होऊन जळाली असती. शिवाय स्पीकर खर्जात ३० ओमचा झाला की त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज आलं असतं, ६.५ ला उतरला की कमी. गणित केलं तर दोन्हींत जवळजवळ ५ डेसिबलचा फरक पडतो. तबल्यातला बायाँ घुमत राहील आणि गाणारीचा आवाज मागे पडेल.

म्हणून ट्रान्झिस्टरच्या चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट संरोध मुद्दाम ०.१ ओमच्याही खाली ठेवतात. ८ च्या पुढे ०.०५ असेल तर १६० पट फरक झाला, आणि हा फरकच हवा असतो. याला ‘जुळणं’ कसं म्हणायचं?

प्रतिसाद

थोडा वेगळा सूर लावतो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्प्लिफायरसाठी ‘जुळवणे’ हाच शब्द योग्य आहे. व्हॉल्व्हला समोर काही हजार ओमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८ ओमचा. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवून त्यांची गाठ घालून द्यावी लागते. वेढ्यांचं प्रमाण २५ ला १ असेल तर संरोध त्याच्या वर्गाने, म्हणजे ६२५ पटीने बदलतो, आणि ८ ओमचा स्पीकर व्हॉल्व्हला ५००० ओमचा वाटतो. म्हणून तर मागे ४, ८, १६ ओमचे वेगवेगळे टॅप, म्हणजे जोडणीच्या जागा, असतात आणि ८ चा स्पीकर ८ वरच लावायचा असतो. मंडपातल्या कर्ण्यांना लावतात त्या ट्रान्सफॉर्मरचं नावच मुळी ‘लाइन मॅचिंग’. शब्द तिथून आला आणि घरातल्या ट्रान्झिस्टर सेटला तसाच चिकटला.

आणि जुळणं म्हणजे सारखं असणं, हेही मला पूर्ण पटत नाही. पत्रिका जुळवतात तेव्हा दोघांची नाडी एकच निघाली तर तो दोष धरतात. तिथे वेगळं असणं म्हणजेच जुळणं.

प्रतिसाद

पत्रिकेचं उदाहरण सुंदर आहे, पण मीटर हातात घेतलेला माणूस आकडे सारखे आहेत का तेच बघणार.

मी दुरुस्तीची कामं करतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘लोड’ या शब्दावर. गिऱ्हाईक म्हणतं, चार ओम म्हणजे आठपेक्षा कमी, मग लोडही कमी. उलटं आहे. अडसर कमी, म्हणून प्रवाह जास्त, म्हणून भार जास्त. २० व्होल्टला ८ ओममधून अडीच अँपिअर जातो, ४ ओममधून ५. ओम निम्मे झाले, ओढ दुप्पट झाली. भारनियमन सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून मी तसंच सांगतो : ओम उतरले की गावात आणखी मोटारी चालू झाल्या असं समजा. एकाच टर्मिनलवर ८ चे दोन स्पीकर लावून आउटपुट उडवलेले सेट माझ्याकडे नेहमी येतात. त्यांना मी मॅच नाही असं सांगत नाही, ‘याला तेवढं झेपत नाही’ असं सांगतो.

मूळ प्रश्नकर्ती

‘झेपत नाही’! मला हवा असलेला शब्द हाच. झेपण्यात दोन बाजू आल्या, ओझं आणि ते उचलणारा, आणि दोघं सारखे असावेत अशी अपेक्षा नाही. व्हॉल्व्हच्या सेटला ‘जुळवणे’ राहू दे, ते मान्य. बाबांचा सेट ट्रान्झिस्टरचा आहे, म्हणून कागद पुन्हा लिहिला :

‘या अ‍ॅम्प्लिफायरला ६ ते १६ ओमचा स्पीकर झेपतो. आपले स्पीकर ८ चे आहेत, चालतील. मीटरवर ६.२ दिसतात तो फक्त तारेचा रोध, त्याची काळजी नको. एका टर्मिनलवर दोन स्पीकर लावू नयेत, ते मिळून ४ होतात आणि ते झेपणार नाही.’

‘संरोध’ या कागदात घातला नाही. तो मी पुढच्या वेळी, खोड्याच्या गोष्टीसकट, तोंडी सांगेन. बाबांनी कागद दोनदा वाचला, ‘झेपणार नाही’खाली लाल पेनने रेघ ओढली आणि तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर टेपने चिकटवला. मग वायरी परत जोडल्या, लाल लालला, काळी काळीला.