बेडकांची पीडा म्हणजे मनातले विचार: असं वाचता येईल का?

निळी_शाई
बायबलमधल्या निर्गम ८ वर अभ्यासगटात ४५ मिनिटं बोलायचंय. (इस्राएली गुलामांना सोडावं म्हणून देव इजिप्तवर एकेक पीडा धाडतो, त्यातली ही बेडकांची.) बेडूक म्हणजे डोक्यात अखंड चाललेली डरावडराव, असं रूपक घ्यावं म्हणतेय. ओढूनताणून वाटू नये म्हणून काय धरावं, काय सोडावं?

समासातला
आधी १ ते १५ वचनं सलग वाचून घ्या. (हिब्रू प्रतीत हा भाग ७:२६ पासून सुरू होतो, आकडे जुळणार नाहीत.) खरा आधार तिसऱ्या वचनात आहे: बेडूक थेट शेजघरात, बिछान्यावर, भट्टीत, काथवटीत. झोपही गेली, भाकरीही गेली.

सहाव्या वचनात हिब्रूत 'बेडूक' एकवचनी आहे. साधा अर्थ समूहवाचक, पण ११व्या शतकातला भाष्यकार राशी सोबत मिद्राशही (ज्यू परंपरेतलं कथारूप विवरण) देतो: बेडूक एकच होता, लोक त्याला मारत आणि त्यातून झुंडीच्या झुंडी बाहेर पडत. विचार हुसकून लावायला गेलं की नेमकं हेच होतं. निम्मा वेळ इथेच द्या.

सातवं वचन गाळू नका. जादूगारांनी बेडूक घालवले नाहीत, उलट आणखी आणले! चौदाव्यातले ढीग आणि दुर्गंधीही घ्या. बेडूक कधी घालवू, यावर दहाव्या वचनात फारो (इजिप्तचा राजा) 'उद्या' म्हणतो, त्यावर मात्र मानसशास्त्र रचू नका, मजकूर कारण देत नाही.

काठावरून
रूपक चालेल, पण पहिलं वचन आधी: 'माझ्या लोकांना जाऊ दे.' सगळं मनात नेलं की विटा पाडणारे गुलाम गोष्टीतून नाहीसे होतात. शिवाय पीडा हा न्यायदंड आहे. नकोशा विचारांनी बेजार झालेला श्रोता 'मला शिक्षाच मिळतेय' असं ऐकेल. ते सुरुवातीलाच खोडून काढा.

समासातला
मान्य. आणि चंचलपणाच दाखवायचा असेल तर तिसरी पीडा जास्त चपखल. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने पीडा दहा आज्ञांना जोडल्या. तिसरी पीडा, चिलटं, शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आज्ञेला, कारण ती डोळ्यांत शिरतात, हाकलली की परत येतात, विसावू देत नाहीत. दोन अडचणी: हिब्रू 'किन्नीम'चं भाषांतर काही ठिकाणी 'उवा' आहे, तिथे उडण्याचं चित्रच बसत नाही. आणि त्याच्या मोजणीत शब्बाथ तिसरी आज्ञा, बहुतेक प्रोटेस्टंट मोजणीत चौथी.

निळी_शाई
आमच्या प्रतीत उवाच आहेत. बेडकांवरच थांबते.